घोंगडीच्या टोकाचा हक्क

ही गोष्ट आजोबांनी सांगितली की अर्धी मीच रचली, याची आता खात्री देता येत नाही.

फार पूर्वी धनगरांच्या तळावर झिप्र्या नावाचा कुत्रा मायाप्पा आणि त्याची बायको लगमव्वा यांच्या घोंगडीच्या टोकाला झोपत असे. ऐन थंडीत एका सकाळी लगमव्वा त्याला म्हणाली, "तुझ्या अंगावर काय काय बसतंय कुणास ठाऊक. आजपासून घोंगडी सोड."

झिप्र्या घाबरला. अंगावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना तो म्हणाला, "बाबांनो, तुम्ही उतरा, म्हणजे मला राहता येईल."

"कुणी उतरायचं?" पंजावरचा म्हातारा जीव म्हणाला. "मी बाईंच्या तळहातावरून आलो, भाकरीबरोबर."

"मी धन्याच्या पायावरून," दुसरा म्हणाला. "त्याआधी तुझ्याच मानेवर होतो."

"मग जे मूळचे माझे, त्यांनी डावीकडे व्हा."

कुणीच हललं नाही. मूळचं कोण, हे कुणालाच आठवेना.

संध्याकाळी लगमव्वानं रीतीप्रमाणे भाकरीचा पहिला तुकडा झिप्र्यापुढे धरला. हात चाटला तर आणखी जीव येतील, म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

"रुसलास होय रे मुडद्या?" म्हणत तिनं तो खाईपर्यंत त्याची मान चोळली, आणि त्याच हातानं नवऱ्याला भाकरी वाढली. झिप्र्या गोंधळून बघत राहिला. निजताना कुणीतरी घोंगडीचं टोक त्याच्याकडे सरकवलं. कुणी, ते मला आठवत नाही.

पुष्कळ वर्षांनी एक शोधनिबंध दोनदा वाचून मी एवढी खात्री करून घेतली: कुत्रा पाळणाऱ्या जोडप्यांच्या कातडीवरचे जंतू, कुत्रा नसलेल्या जोडप्यांपेक्षा, एकमेकांशी अधिक जुळतात.