गोजराबाईने न सांगितलेली गोष्ट

फार वर्षांपूर्वी, आपल्या खडकोळीत पिठाची गिरणी नव्हती आणि घरोघर जाती फिरायची, तेव्हाची ही गोष्ट. जातं गुळगुळीत झालं की दाणा भरडत नाही. मग त्याच्या दगडावर छिन्नीने बारीक खाचा पाडाव्या लागतात. याला टाकी लावणं म्हणतात, आणि ते काम करायची गोजराबाई. अंगाने हडकुळी, तोंडाने फटकळ, पण ऐकून घ्यावं तर तिनेच.

ती छिन्नी ठोकायला बसली की शेजारी बसलेल्या बाईचं बोलणं भिंतीपलीकडे जात नसे. सासू दारात उभी असली तरी तिला नुसती ठकठक. त्या आवाजाच्या आडोशाने किती सुना रडल्या असतील, कोण जाणे. गोजराबाई सगळं ऐकायची आणि शेवटी विचारायची, "नुसतं ऐकून ठिवू, म्हायेरी निरोप नेऊ, का पंचांपुढं तुझ्यासंगं येऊ?" बाई म्हणेल तेवढंच करायची. तरुणपणी एकदा तिने कळवळून, न विचारताच, एकीच्या भावाला सांगितलं होतं. भाऊ येऊन भांडून गेला आणि मागे त्या पोरीला उपाशी कोंडलं. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला.

एकदा पाटलांच्या घरी एका जात्याला टाकी लावता लावता सकाळची दुपार झाली. शेजारी बसली होती पाटलांची धाकटी सून, अन्सा. नवरा तिला मारायचा. हातावरचे वळ सगळ्यांना दिसायचे, बोलत मात्र कुणी नव्हतं. पाटलांना संशय आला.

"काय सांगत होती ती?"

"ते तिचं हाय, पाटील. तिलाच इचारा."

"गावात राहायचंय ना तुला?"

"ऱ्हायचंय. म्हणूनच सांगत न्हाई."

पाटलांनी तिच्या छिन्न्या विहिरीत टाकल्या आणि हिला कुणी काम द्यायचं नाही, असं गावाला बजावलं. मग काय झालं असेल? दुसऱ्या दिवशी गावातली सगळी जाती आरशासारखी गुळगुळीत झाली, असं म्हणतात. वरून ज्वारी घालावी तर कडेने तीच ज्वारी बाहेर. आठ दिवस अख्खं गाव घुगऱ्यांवर. भाकरीवाचून कासावीस झालेले गडी पाटलांच्या दारी गेले. पाटील म्हणाले, "ती सांगेल, तर बोलवू." गोजराबाईची चूलही थंड होती, पण ती हलली नाही.

नवव्या दिवशी अन्सा स्वतःच तिच्या झोपडीत आली. म्हणाली, "मावशी, आता पंचांपुढं जायाचं. बोलीन मीच. तू निस्ती बस."

गोजराबाई पारावर तिच्याजवळ बसली आणि शेवटपर्यंत एक अक्षर बोलली नाही. अन्सा बोलली. ती बोलत होती तेवढा वेळ विहिरीतून ठकठक येत होती, असं म्हणतात. पंचांनी नवऱ्याला शिवेबाहेर काढलं, आणि अन्सा ताठ मानेने गावातच राहिली. त्याच संध्याकाळी घरोघरची जाती पुन्हा दाणा भरडू लागली.

मला मात्र लहानपणापासून एक कोडं आहे. त्या घरात सकाळची दुपार झाली होती, आणि पारावरचं बोलणं तर घटकाभरातच आटोपलं. राहिलेलं काय होतं? ते गोजराबाई बरोबर घेऊन गेली.

आता जाती अडगळीत पडली. तरी खडकोळीत एखाद्या घरातली बाई दगडावर ठकठक करू लागली की पुरुष उठून पारावर जातात, सासूही पायात चपला घालते. घरातली बाई जिला बोलावेल तेवढीच आत जाऊन बसते. ती बाहेर आली की माझ्यासारखी जन्माची चौकस बाईसुद्धा तिला एवढंच विचारते, चहा टाकू का?