समोरचा पाट

समुद्रापलीकडच्या एका बेटावर कोकणातून गेलेल्या लोकांचे एक गाव होते. उसाच्या मळ्यात राबायला ते बोटीने तिथे आले होते. त्या बोटीतली आता एकटी तानूआजी उरली होती. नवरा गेल्यापासून तिला बोलायला घराच्या भिंतीच होत्या.

गावातल्या शाळेचे वामनगुरुजी मोठे हौशी. मुलांना जुने दिवस कळावेत म्हणून त्यांनी एका वर्गात मळ्यावरची झोपडी उभारली. चूल आली, गोधडी आली. जाते मात्र गावात एकच होते, तानूआजीचे. ते गाडीत घालून आजी आनंदाने आली. आज कोणीतरी आपल्याशी चार शब्द बोलेल, असे तिला वाटले.

तिने जात्याच्या अलीकडे एक पाट मांडला आणि पलीकडे दुसरा. गुरुजींनी दुसरा उचलून कोपऱ्यात ठेवला. आजीने तो पुन्हा आणून मांडला.

मुले रांगेने आली. त्यांनी चूल पाहिली, जाते पाहिले आणि ती निघाली. आजीशी कोणी बोलले नाही. जणू तीही तिथे मांडलेली वस्तूच! आजीला फार एकटे वाटले.

गुरुजी परत पाट उचलू लागले. "आजी, दळणाऱ्या तुम्ही एकट्या. दोन पाट कशाला? उगाच अडगळ."

"दळण दोघींचं असतं, गुरुजी," आजी म्हणाली. "माहेरी समोर माझी बहीण बसायची. मी बोटीत चढले, ती धक्क्यावर रडत राहिली. तेव्हापासून पाट मांडते, पण बसत कोणी नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. मला इथं एकही सुचली नाही. ऐकणार कोण?"

गुरुजी खजील झाले. बोट, मळा, मजुरी, सारे त्यांनी मुलांकडून घोकून घेतले होते. हे मात्र त्यांच्या गावीही नव्हते. त्यांनी पाट खाली ठेवला, धोतर सावरले आणि बसून जात्याचा खुंटा धरला. दारातली मुले खो खो हसत मागे फिरली.

"अहो, उलटं फिरवताय!" आजी म्हणाली आणि तिलाही हसू फुटले.

जाते घरघरू लागले. पीठ जाडेभरडे पडत होते. जरा वेळाने गुरुजींनी विचारले, "आजी, तुमच्या बहिणीचं नाव काय हो?"

या बेटावर तिला हे आजवर कोणी विचारले नव्हते. आजीचा हात थांबला.

"ठकू," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने ओवी धरली. ती ठकूच्या नावाची होती.

तात्पर्य: वस्तू मांडून माणसांचे जुने दिवस कळत नाहीत, त्यासाठी त्यांच्यासमोर बसावे लागते.