अण्णासाहेबांचे नवे दात

वाघजाईच्या डोंगरमाथ्यावर सायकलींची शर्यत सुरू व्हायची होती. खाली बघितलं तर दगडगोट्यांचा उभा उतार. सकाळीच सरावात एकजण तोंडावर आपटला होता. त्याचा जबडा बांधूनच त्याला खाली नेलं.

तरी शर्यतीचे अध्यक्ष अण्णासाहेब खर्डेकरांनी फर्मान काढलं, "फोटोत चेहरे दिसले पाहिजेत! हेल्मेटची तोंडापुढची, जबडा झाकणारी कडक पट्टी सुटत असेल, तर ती काढा. सुटत नसेल, तर घरी जा."

पट्टी न सुटणारं, अख्खं तोंड झाकणारं हेल्मेट एकट्या वैजयंता भोईटेचं होतं. बाकीचे मुकाट्याने पट्ट्या सोडवू लागले. वैजयंता पुढे झाली.

"साहेब, यांची पट्टी सुटते ती चढावर हवा लागावी म्हणून. उतारावर काढली आणि पडलो, तर दात जातील."

"गेले तर गेले!" अण्णासाहेब हसले, तशी त्यांची पांढरीशुभ्र कवळी चमकली. "नवे बसवता येतात. माझे बघ, जुन्यांपेक्षा भारी!"

वैजयंताने पिशवीतून उसाचं कांडं काढून त्यांच्यापुढे धरलं.

"मग एवढं दातांनी सोलून दाखवा. सोललंत, तर मी उघड्या तोंडाने उतरते."

अण्णासाहेबांनी कांडं तोंडापाशी नेलं, घुटमळले आणि हात खाली घेतला.

"लावा रे पट्ट्या," ते पुटपुटले.

वैजयंताने कांडं परत घेतलं, दातांनी सर्रकन सोललं, त्यांच्या देखत कडाकडा चावून खाल्लं आणि मग हेल्मेटने तोंड झाकून सायकल उतारावर सोडली.