गाडीपुढे कोण चालणार?

करंजघाटात दाट धुकं उतरलं, म्हणून हवालदार सुमतीताईंनी फाटक लावून रस्ता बंद केला. तेवढ्यात सभापती धैर्यशीलरावांची गाडी आली.

"उघडा! माझा सत्कार खोळंबलाय. नियम आम्हाला नका सांगू."

ड्रायव्हर बिचारा घामाघूम झाला होता.

"उघडते, साहेब," सुमतीताई म्हणाल्या. "फक्त घाटाची रीत पाळा. धुक्यात ट्रकचा क्लीनर कंदील घेऊन पुढे चालतो आणि दरीची कड दाखवतो. तुमच्याकडे क्लीनर नाही, तेव्हा हा कंदील तुम्हीच घ्या."

"मी चालू? अहो, दरी कुठंय तेही दिसत नाही!"

"मग या ड्रायव्हरदादांना ती कशी दिसावी, साहेब?"

सभापती सीटवर मागे टेकले. ड्रायव्हरने सुटकेचा निःश्वास सोडला आणि आधी गाडीची किल्ली काढून खिशात घातली.