काळ्या मातीचं ठिगळ

त्या रानात चोरी होत नाही, असं तिथे सगळे मानत होते.

मानायला कारणही होतं. ते रान धनेश पक्ष्यांचं. त्यांची रीत अशी, की अंडी घालायची वेळ आली की मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. नर ओली माती आणून देतो, ती त्यात उंबराचा गर कालवते आणि भिंत घालते. चोच बाहेर निघेल एवढी एक फट तेवढी ठेवते. पिल्लू मोठं होईपर्यंत ती आतच राहते. या काळात तिची उडायची पिसंही झडतात, त्यामुळे संकट आलं तर पळून जायची सोय नाही. सगळा भरवसा भिंतीवर. वाळलेल्या भिंतीवर घोरपडीची नखं घसरतात, माकडांचे हात दुखून येतात. ती फोडू शकते फक्त आतली चोच.

तरीही दर हंगामात काही ढोल्या रिकाम्या निघत. भिंत फुटलेली, अंडी गेलेली. विचारलं तर त्या घरची मंडळी सांगत, वाऱ्याने नेली. एवढ्या उंच ढोलीतून वारा अंडी कशी उचलतो, हे पुढे कुणी विचारत नसे. धनेशांची जात मानी. चोचीवर शिंगासारखा मुकुट मिरवणाऱ्यांनी आपण फसलो हे सांगायचं कसं? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यामुळे झालं असं, की लुटला गेलेला प्रत्येक जण आपण एकटेच मूर्ख असं समजून गप्प बसला, आणि लुटणाऱ्याचं फावलं.

या मानी जातीत भामा सगळ्यांत मानी. तिची भिंत तांबड्या मातीची, गुळगुळीत, कुठे चोचीचा एक ओरखडा नाही. शेजारच्या झाडावरच्या सगुणाअक्काची अंडी मागच्या हंगामात गेली, तेव्हा भामा नवऱ्याला म्हणाली होती की अक्काचं लिंपणच कच्चं. नवरा केरबा त्यावर काही बोलला नव्हता. केरबाला बोलायला फुरसत नसे. दिवस उजाडला की तो उंबर, पिंपरण, मिळेल ते फळ चोचीत आणि गळ्यात भरून आणी, फटीजवळ बसून टकटक करी, एकेक फळ आत देई आणि पुन्हा निघून जाई. भामाला वाटे, जरा चार शब्द बोलला तर काय बिघडेल? पण तोंड भरलेला माणूस बोलणार कसा!

अंड्यातून पिल्लू बाहेर आलं. एकच, आंधळं, उघडं, आणि सदा भुकेलं. भामाचा सगळा जीव त्या पिल्लात.

त्याच सुमारास एका सकाळी फटीबाहेरून भारदस्त आवाज आला. तो म्हणाला, आपण गरुडमहाराजांच्या दरबारातून आलो आहोत. रानातल्या सर्व भिंतींची तपासणी चालू आहे. जिची भिंत तपासली जाणार नाही तिला उद्यापासून या झाडावर राहता येणार नाही. भामा घाबरली. मग आवाज मऊ झाला. बाईसाहेबांची भिंत तर दरबारात वाखाणली जाते, म्हणाला. महाराजांना तिचा नमुना पाहायचा आहे. फटीच्या कडेचा एक लहानसा तुकडा द्यावा, आणि कृपा करून कुणाला सांगू नये, उगाच बाकीच्यांना हेवा वाटतो.

भामा जन्मापासून झाडावरच राहणारी, पण त्या दिवशी ती हरभऱ्याच्या झाडावर चढली. तिने तुकडा काढून दिला. दुसऱ्या दिवशी महाराजांना तो फार आवडल्याचा निरोप आला, आणि राणीसाहेबांसाठी आणखी एक हवा होता. तिने तोही दिला. केरबाला तिने यातलं काहीच सांगितलं नाही. फट आता थोडी रुंद दिसते, हे तिला दिसत होतं, पण दरबारात आपली माती पोचली याचा आनंद त्याहून मोठा होता.

बाहेर कुणीही दरबारी नव्हता. फांदीवर भृंगराज बसला होता, काळाकुळकुळीत, लांब शेपटीचा. या पक्ष्याला स्वतःचा म्हणून आवाज फारसा नसतो, तो जगातले सगळे आवाज उचलतो. आणि त्याच्या खाली खोडाला चिकटून एक घोरपड पडून होती. बोलायचं त्याने, आत तोंड घालायचं तिने, असा त्यांचा जुना व्यवहार.

तिसऱ्या दिवशी दरबारी आवाज आला नाही. आला तो केरबाचा.

"भामा, भिंत फोड. खालून वणवा येतोय. लवकर, विचारत बसू नकोस."

आवाज हुबेहूब त्याचा.  तिने चोच भिंतीवर मारायला सुरुवात केली. एक ढपला पडला, दुसरा पडला. बाहेरून आवाज घाई करत होता, आणखी, आणखी. एवढ्यात मागून पिल्लू पुढे सरकलं. फटीबाहेर कुणी आलं की खायला मिळतं एवढं त्याला कळत असावं. त्याने फटीकडे मान उंच करून चोच उघडली आणि तसंच थांबलं.

फळ आलं नाही.

पिल्लू चोच उघडी ठेवून वाट पाहत होतं आणि बाहेरचा केरबा बोलत होता, बोलतच होता. भामा त्या उघड्या चोचीकडे बघत राहिली. इतक्या दिवसांत केरबा कधी रिकाम्या चोचीने आला नव्हता. आल्यावर कधी एक शब्द बोलला नव्हता. आणि भिंत फोड, असं तर त्याने कधीच म्हटलं नव्हतं.

तिने ठोकणं थांबवलं. त्याच क्षणी मोठ्या झालेल्या फटीतून दुभंगलेली जीभ आत वळवळली. भामाने पिल्लाला पायाखाली घेतलं, आपली आडदांड चोच फटीत खुपसली आणि त्या जिभेवर टोचा मारला. घोरपड मागे सरकली, पण गेली नाही. एकटीने ती किती वेळ अडवणार? ओरडलं तर मदत येईल, हे भामाला कळत होतं. पण ओरडलं तर रानातली सगळ्यांत देखणी भिंत तिच्या मालकिणीनेच फोडली, हेही सगळ्यांना कळणार होतं. तिला सगुणाअक्का आठवली आणि आपण काढलेले उद्गार आठवले.  पायाखाली पिल्लू थरथरत होतं.

"मी भामा बोलतेय," ती ओरडली. "माझी भिंत मीच फोडली. कुणीतरी माझ्या नवऱ्याच्या आवाजात आलंय, आणि मी फसले. बायांनो, कुणी काही मागितलं तर देऊ नका."

 मग शेजारच्या झाडावरून एक थकलेला आवाज आला.

"माझी अंडी वाऱ्याने नेली नव्हती, भामा."

सगुणाअक्काच्या पाठोपाठ दुसरी बोलली, मग तिसरी. कुणाकडे तो चोर सासूच्या आवाजात आला होता, कुणाला फळांनी लगडलेलं अख्खं झाड बक्षीस मिळाल्याचं सांगून गेला होता. ढोलीढोलीतून एकच गोष्ट बाहेर पडायला लागली. ते ऐकून फळं आणायला गेलेले नर माघारी फिरले. पंखांचा घरघराट करत पहिला आला तो केरबा. चोचीतली फळं टाकून देऊन तो घोरपडीवर तुटून पडला, आणि बाकीचे येईपर्यंत ती खोडावरून धपकन खाली गेली. भृंगराज त्याआधीच कुणाचा तरी आवाज काढत निसटला होता.

भिंत बुजवायला केरबाने माती आणली. तांबडी माती उन्हाने दगड झाली होती, म्हणून ओढ्याकाठची काळी आणली. तांबड्या भिंतीवर काळं ठिगळ लांबूनही दिसू लागलं. भामाने आतून हळूच विचारलं, मी तुम्हाला खाली पाहायला लावलं का हो? केरबाची चोच भरलेली होती. त्याने एक पिकलेलं उंबर आत सरकवलं आणि तो निघून गेला. पण संध्याकाळी फांदीवर मंडळी जमली तेव्हा कधी न बोलणारा केरबा बोलला.

"माझी बायको ओरडली, म्हणून आज सगळ्यांची घरं शाबूत आहेत."

हंगाम सरल्यावर भामा ठिगळाची बाजू तेवढी राखून भिंत फोडून बाहेर आली. ठिगळावर तांबडी माती फिरवून टाक, दिसायला बरं, असं एक-दोघींनी सुचवलं. तिने नकार दिला. उलट येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोरीला ती त्या झाडापाशी नेऊन ठिगळ दाखवी आणि सगळी हकिकत पहिल्यापासून सांगे, स्वतःच्या मूर्खपणासकट. सांगताना तिची मान ताठ असे, पूर्वीपेक्षाही ताठ. सगुणाअक्का शेजारी बसून राहिलेलं सांगे. पुढच्या हंगामापासून नव्या नवऱ्या भिंत लिंपून झाली की फटीशेजारी काळ्या मातीचा एक गोळा मुद्दाम थापू लागल्या. तो नसेल तर भिंत पुरी झाली असं कुणी मानेना.

काही हंगामांनी भामाची लेक आत बसली. भामा समोरच्या फांदीवर पिसं साफ करत होती, तेव्हा तिला लांब काळी शेपटी दिसली. भृंगराज फटीजवळ बसला आणि जावयाच्या आवाजात आर्जवं करू लागला. वणवा झाला, दरबार झाला, बक्षीस झालं. भामा जागची हलली नाही. तिला हलायची गरज वाटली नाही.

 थोड्या वेळाने काळ्या गोळ्याशेजारच्या फटीतून लेकीची चोच बाहेर आली, भृंगराजासमोर पूर्ण उघडली, आणि उंबराची वाट पाहत तशीच राहिली.