कुडझूचं मूळ

“...मग तुम्ही फवारणी का करत नाही?”

डॉ. विश्राम केळशीकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. अमेरिकेतल्या जॉर्जियात, टेकडीवरच्या लाकडी मठामागे, ऐंशीच्या घरातल्या जपानी भिक्षुणी सेत्सुआन कुदळीनं खणत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

टेकडीभर कुडझूची वेल माजली होती. कधीकाळी कुणीतरी जपानहून हौसेनं आणलेली. आता तिनं झाडं, विजेचे खांब, एक जुनी मोटारसुद्धा गिळली होती. केळशीकरांची तीस वर्षं तिला मारायचं औषध शोधण्यात गेली. ते निवृत्त झाले, वेल जिथल्या तिथे.

“विष घातलेलं खाता येत नाही,” भिक्षुणी म्हणाल्या.

“तुम्ही ही खाता?”

भिक्षुणींनी हातातलं मूळ दाखवलं. बोटाएवढं, नुसते दोरे.

“मुळाचं सत्त्व काढते. आमच्या गावी आजाऱ्याला त्याची पेज देतात. पण सकाळपासून खणतेय... जाड मूळ लागत नाही.”

केळशीकरांना राहवेना.

“तिथे लागणारच नाही.” ते वेलींच्या गुंत्यात शिरले, बुटानं पाचोळा सारला आणि एका गाठीवर बोट ठेवलं. “इथे खणा.”

भिक्षुणींनी कुदळ केळशीकरांच्याच हातात दिली.

ऊन कललं तेव्हा मांडीएवढं मूळ वर आलं.

दोघांनी ते ठेचलं, पाण्यात कालवलं, फडक्यातून गाळलं. मातकट पाणी पाहून केळशीकर सगळं ओतून द्यायला निघाले. भिक्षुणींनी नुसता त्यांचा हात धरला.

मग ते रोज येत राहिले. वरचं गढूळ पाणी काढायचं, नवं घालायचं. पाचव्या दिवशी बुडाशी पांढराशुभ्र थर बसला होता.

भिक्षुणींनी त्याची पेज केली. केळशीकरांनी घोट घेतला. तापातून उठल्यावर आई तवकिरीची लापशी द्यायची, तशीच... दुसरा घोट घ्यायला त्यांना वेळ लागला.

“गाठीखालीच मूळ आहे, हे कसं ओळखलंत?” भिक्षुणींनी विचारलं.

“विषाची सुई तिथेच टोचायचो.” केळशीकरांनी वाडगा खाली ठेवला. “म्हणजे माझी तीस वर्षं...”

भिक्षुणींनी रिकामा वाडगा उचलला आणि कुदळ त्यांच्यापुढे ठेवली.

“उद्या कुठे खणायचं?”