बारा दिवसांचा रांजण

पूर्वी शूर्पारक बंदरावर अजमित्र राजाचा अंमल असताना बोधिसत्त्वाने एका रंगाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव पूर्णक. घरच्यांनी त्याला शिकायला तक्षशिलेला धाडले. तिथे रंगशास्त्र तोंडपाठ करण्यात दोन वर्षे गेली, तरी कुणी रांजणात हात घालू देईना. तेव्हा तो शिक्षण सोडून परत आला आणि नदीकाठी निळीचा रांजण लावून बसला. वडीलधारे त्याला ‘अर्ध्या’ म्हणत. तो ऐकून घेई आणि कापड बुचकळत राही.

त्याच्या शेजारच्या जागेवर रेवक नावाचा रंगारी होता. रेवक आळशी नव्हता, हे आधीच सांगायला हवे. दिवसभर त्याची नुसती धावपळ चाले. पण निळीचा रांजण जिवंत असतो. चुना आणि टाकळ्याचे बी घालून तो दहा-बारा दिवस आंबवावा लागतो. मध्येच भलतेसलते टाकले की मरतो. आणि रेवकाचा रांजण पाच-सहा दिवसांचा झाला की बंदरावर हटकून कुणीतरी नवे रंगसूत्र विकायला उतरे. कुणी भरुकच्छाचे, कुणी थेट यवनांचे. रेवक धावत जाई, ताडपत्र विकत घेई आणि जुना रांजण नदीत ओतून नवा लावी. त्याच्या पेटीत अशी कितीतरी सूत्रे जमली होती. रंगवलेले कापड मात्र एकही नव्हते.

रंगाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या मंडळाचा, नियम असा, की कार्तिकी पौर्णिमेला प्रत्येकाने आपल्या हातचे एक कापड सामायिक दोरीवर वाळत घालायचे. लागोपाठ तीन वर्षे ज्याचे कापड आले नाही, त्याची नदीकाठची जागा दुसऱ्याला जाई; श्रेणीच्या वडीलधाऱ्यांना तेवढी सूट होती. रेवकाची दोन वर्षे कोरी गेली होती. तिसरी पौर्णिमा तेरा दिवसांवर आली होती. त्याची बायको भद्रा हिने त्या दिवशी दोरीवर घालण्यासाठी चार महिने मागावर बसून एक शुभ्र कापड विणले होते.

नेमका त्याच दिवशी सिद्धिसेन नावाचा विक्रेता बंदरावर उतरला. त्याचे चाकर ढोल बडवू लागले. ‘‘राजनील! राजनील! एका दिवसात रांजण तयार! शंभरच जणांना देणार, नव्वद संपली!’’

रेवकाजवळ मोल द्यायला काही उरले नव्हते. त्याने भद्राचे कापड काखेत मारले.

‘‘अहो, हे घेऊन कुठे निघालात?’’

‘‘एका दिवसात होतंय गं! मग असली दहा विणशील.’’

‘‘आणि त्या दिवशी रंगवणार काय? माझा पदर?’’

रेवक तरीही गेला.

तिथे सिद्धिसेन पूर्णकाला बाजूला घेऊन गळ घालत होता. ‘‘तुझ्यासारखी निळाई या काठावर कुणाची नाही. ती माझ्या सूत्रानं आली, एवढंच लोकांना सांग. विक्रीत निम्मा वाटा तुझा.’’

श्रेणीचा प्रमुख कुंभदत्त धक्क्याच्या पायरीवर चार म्हाताऱ्यांसह बसला होता. तो म्हणाला, ‘‘घे रे अर्ध्या! तुझं काय जातंय?’’

‘‘माझं काही नाही जात. ह्या रेवकाची जागा जाते.’’ पूर्णकाने कुंभदत्ताला शांतपणे म्हटले, ‘‘आजोबा, सूत्र घ्यायला सांगताय. हात दाखवा जरा.’’

रंगाऱ्याचा हात कोपरापर्यंत निळा असतो. धुऊन जात नाही. कुंभदत्ताने हात उपरण्याखाली ओढले. ‘‘थंडी आहे.’’

‘‘भर दुपारी? आणि या चौघांनाही?’’

पायरीवरचे सगळे हात एकेक करून आत गेले.

‘‘तुमच्याही पेट्यांत हेच कुजतंय,’’ पूर्णक म्हणाला. ‘‘फसलो म्हणायची लाज वाटते, म्हणून धाकट्यांना त्याच खड्ड्यात ढकलता. वर आशीर्वाद देता!’’

रेवकाने आपले हात पाहिले. सराफाचे असावेत तसे स्वच्छ होते. त्याला राग आला, तो आधी पूर्णकाचाच. ‘‘मोठा शहाणा! मग सांग की तुझं सूत्र.’’

‘‘तुझ्या पेटीत तळाशी तुझ्या बापाचं असेल, तेच काढ. कुठलंही चालेल रे. बदलू मात्र नकोस. बारा दिवस.’’

रेवक कापड घेऊन घरी परतला. भद्राने चुन्याचे मडके पुढे सरकवले.

सहाव्या दिवशी रांजणाला घाण वास येऊ लागला, पण वर फेस दिसेना. बंदरावर दुसराच ढोल वाजू लागला होता. कुंभदत्त काठी टेकत आला. ‘‘नव्या सूत्राची पूड फुकट देतो तुला. टाक एवढी चिमूटभर.’’

रेवकाचा हात झाकणाकडे गेला. मग तो सरळ झाकणावर जाऊन बसला. ‘‘बसलोय आजोबा,’’ तो म्हणाला. ‘‘आता उठता येत नाही.’’

अकराव्या दिवशी रांजणावर तांब्याच्या रंगाची साय धरली. बाराव्या दिवशी कापड आत गेले, हिरवट होऊन बाहेर आले आणि वारा लागताच रेवकाच्या डोळ्यांदेखत निळे झाले. सगळीकडे सारखे नाही. एक काठ गडद, मधे ढगांसारखे फिकट पट्टे.

पौर्णिमेला ते दोरीवर चढले. कुंभदत्त म्हणाला, ‘‘डागाळलंय.’’

‘‘डाग निळेच आहेत ना?’’ भद्रा म्हणाली.

नियमात सुबक कापडाची अट नव्हती. जागा राहिली. दुसऱ्या दिवशी रेवकाने पूर्णकाला विचारले, पट्टे पडू नयेत म्हणून कापड आत किती वेळ धरायचे? सगळी सूत्रे वाचूनही हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता, कारण तो पडायला कापड ओले व्हावे लागते. पूर्णक हसला आणि त्याला सांगत बसला.

जेतवन विहारात एवढी कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, नजर वर केली. समोर तिष्य नावाचा भिक्षू बसला होता. सात वर्षांत त्याने नऊ आचार्य केले होते आणि एकाही पद्धतीने पावसाळ्याचा एक वर्षावाससुद्धा पुरता ध्यान केले नव्हते.

शास्ते म्हणाले, ‘‘तिष्या, रेवक तो तूच. तेव्हाही शेवटी बसला होतास, म्हणून आताही बसशील. सिद्धिसेन आज वेशीवर मंत्र विकतो आहे. भद्रा ही तुला रोज भिक्षा घालणारी उपासिका. तुला दर वेळी नव्या आचार्याचा पत्ता देणारे हे वडीलधारे स्थविर, तेच पायरीवरचे म्हातारे. आणि पूर्णक मी होतो.’’

पहिल्या रांगेतल्या पाच स्थविरांच्या माना खाली गेल्या. तिष्य मात्र उठला, जवळच्या झाडाखाली गेला आणि पहिल्या आचार्याने शिकवलेल्या रीतीनेच मांडी घालून बसला.

एकाच गोष्टीला असे चिकाटीने धरून राहण्याला वीर्यपारमिता म्हणतात.